हात सोडण्याआधी

अठराव्या वर्षी एमबीबीएसला लागलेला मुलगा इंटर्नशिप उरकून बाहेर पडतो तेव्हा चोविशीला आलेला असतो. पीजीच्या प्रवेश परीक्षेत एखाद-दोन वर्षं जातात. मग एमडीची तीन वर्षं, सरकारी बाँडचं एक, नीट-एसएस या सुपरस्पेशालिटीच्या प्रवेश परीक्षेचा अभ्यास आणि डीएमची आणखी तीन. त्यापुढे यकृत प्रत्यारोपण, हृदयाच्या झडपा किंवा लहान मुलांचा कॅन्सर अशा एखाद्या खास कामात हात तयार करायचा असेल, तर पुन्हा वर्ष-दोन वर्षांची फेलोशिप. म्हणजे आपण ज्याला 'शिकाऊ डॉक्टर' म्हणतो तो तेहतीस-चौतीस वर्षांचा, लग्न झालेला, पुष्कळदा एका मुलाचा बाप किंवा आई असतो. गावाकडच्या वर्गमित्राचं घर बांधून झालेलं असतं आणि हा अजून रात्री तीन वाजता सरांना फोन करावा की सकाळची वाट बघावी, या विचारात असतो.

वैद्यकीय शिक्षणावर आपल्याकडे लिहिलं जातं ते बहुतेक प्रवेशाबद्दल. नीटचे गुण, कट-ऑफ, फी, राखीव जागा. शेवटच्या टप्प्याकडे कुणी फिरकत नाही, कारण एमडी झालेल्या माणसाला आता काय शिकवायचं, असा सार्वत्रिक समज आहे. या लेखाच्या निमित्ताने ज्या शिक्षकांशी आणि विद्यार्थ्यांशी बोललो, त्यांच्या बोलण्यातून मात्र उलटंच पुढे आलं. या वयाच्या, इतक्या शिकलेल्या डॉक्टरला शिकवणं हेच सगळ्यांत अवघड, कारण इथे माहिती द्यायची नसते, हळूहळू रुग्ण सोपवायचा असतो. आणि आपल्या रुग्णालयांनी हे काम कामात धरलेलंच नाही, असं माझं स्पष्ट मत झालं आहे.

मुंबईतल्या एका मोठ्या सार्वजनिक रुग्णालयातली एंडोस्कोपीची खोली. एसी जोरात आहे, तरी अंगावरच्या लेड ॲप्रनमुळे सगळे घामाघूम. टेबलावर पन्नाशीची बाई पालथी झोपवली आहे. पित्तनलिकेत खडा अडकलाय, कावीळ वाढलीये, थंडी वाजून ताप येतोय. करायचं आहे ते ईआरसीपी. तोंडावाटे दुर्बीण जठराच्या पुढे, लहान आतड्याच्या सुरुवातीपर्यंत न्यायची, तिथे पॅपिला नावाचा लहानसा उंचवटा शोधायचा आणि त्याच्या तोंडातून बारीक तार पित्तनलिकेत सरकवायची. या दुर्बिणीचा कॅमेरा समोर नाही, बाजूला बघतो, त्यामुळे चालवणाऱ्याला समोरचं नीट दिसतच नाही. त्यात स्वादुपिंडाची नलिकाही त्याच तोंडाशी उघडते. तार पुन्हा पुन्हा तिकडे गेली तर स्वादुपिंडाला सूज येऊ शकते आणि ती सूज कधीकधी जिवावर बेतते.

दुर्बीण आहे डीएमच्या दुसऱ्या वर्षाच्या मुलीच्या हातात. सर तिच्या मागे, दोन्ही हात पाठीशी बांधून उभे. नजर पडद्यावर.

"अकराच्या दिशेने जा. मोठं चाक जरा वर. थांब. आता तार."

"टच तीन," सिस्टर सांगतात. मोजण्याचं काम त्यांच्याकडे आहे. तार लागत नाही. "टच चार."

युरोपातल्या एंडोस्कोपी संघटनेचा एक निकष आहे. पॅपिलाला पाचापेक्षा जास्त वेळा स्पर्श झाला, पाच मिनिटांहून अधिक वेळ गेला किंवा स्वादुपिंडाच्या नलिकेत तार एकापेक्षा जास्त वेळा गेली, की ते काम 'अवघड' धरायचं आणि मार्ग बदलायचा. या युनिटमध्ये सरांनी तोच निकष शिकवण्यासाठीही लावला आहे. पाचव्या स्पर्शालाही तार गेली नाही तेव्हा ते शांतपणे म्हणाले, "दे इकडे." मुलगी बाजूला झाली. सरांनी दुर्बीण थोडी मागे घेतली, कोन बदलला, तार आत गेली. पुढचं मला अपेक्षित नव्हतं. त्यांनी दुर्बीण पुन्हा तिच्या हातात दिली. "आता खडा तूच काढायचा."

केस संपल्यावर ॲप्रन काढता काढता त्यांनी तिला विचारलं, "तुला काय दिसत होतं?" ती म्हणाली, "तोंड दिसत होतं सर, पण तार वर चढतच नव्हती." "बरोबर. फार जवळ होतीस. जवळ गेलं की हलवायला जागाच उरत नाही. उद्याच्या केसला आधी लांबून बघ." दोन मिनिटांचं बोलणं. चूक सांगितली, ती ताजी असताना सांगितली, उद्या काय करायचं ते सांगितलं आणि बाकीच्यांसमोर पाणउतारा केला नाही.

अशी शिकवणी किती लागते? अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात याचा अभ्यास झाला, तो १९९६ मध्ये प्रसिद्ध झाला. शिकणाऱ्यांना ईआरसीपी भरवशाने जमायला १८० ते २०० केस लागतात, असं त्यात दिसलं. तोवर बहुतेक ठिकाणी त्याहून बऱ्याच कमी संख्येवर समाधान मानलं जात होतं. आपल्याकडे लॉगबुक असतं, त्यात केसची संख्या भरायची असते आणि खाली सरांची सही. 'केली' आणि 'बघितली' यांतला फरक सहीवरून कळत नाही. शेवटच्या परीक्षेच्या महिनाभर आधी दोन वर्षांचं लॉगबुक एका बैठकीत भरून काढणारे विद्यार्थी मला भेटले. त्यांना मी दोष देत नाही. ते पुस्तक तोपर्यंत कुणी उघडूनच पाहिलेलं नव्हतं.

विद्यार्थ्यावर किती सोडायचं, हा प्रश्न जुना आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये विल्यम हॉल्स्टेड यांनी शल्यचिकित्सेची रेसिडेन्सी उभी केली. रुग्णालयातच राहायचं, वर्षानुवर्षं राहायचं, जबाबदारी पायरीपायरीने वाढवायची. मेडिसिनमध्ये विल्यम ऑस्लर विद्यार्थ्यांना वर्गातून उठवून खाटेपाशी घेऊन गेले. आजही आपल्या वॉर्डात सकाळी राऊंड निघतो, पुढे बॉस, मागे लेक्चरर, रजिस्ट्रार, हाउसमन, तीही अशीच पायऱ्यांची उतरंड आहे. पण एक पायरी संपून दुसरी कधी सुरू होते, हे बॉसच्या मनावर असायचं. नेदरलँड्समधल्या उट्रेख्तचे वैद्यकीय शिक्षणतज्ज्ञ ओले टेन काटे यांनी २००५ मध्ये त्याची उघड मांडणी केली. प्रत्येक कामासाठी वेगळं ठरवायचं. हा डॉक्टर हे काम फक्त बघेल, की शिक्षक शेजारी असताना करेल, की शिक्षक फोनवर असला तरी चालेल, की एकट्याने करेल, की आता दुसऱ्याला शिकवेल? एकच मुलगी पोटातलं पाणी काढण्यात चौथ्या पायरीवर आणि ईआरसीपीत दुसऱ्या पायरीवर असू शकते. आणि ही पायरी तिला सांगितलेली असते. मला यातलं हे सांगणंच सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. आपल्याकडच्या मुलांना आपण कुठे उभे आहोत हे तीन-तीन वर्षं कळत नाही, मग बॉसच्या चेहऱ्यावरून अंदाज बांधत दिवस काढायचे.

इथे रुग्णाबद्दल बोलायलाच हवं. परळमध्ये एकमेकांच्या जवळ दोन संस्था आहेत. १९४१ साली सुरू झालेलं टाटा मेमोरियल, ज्याच्या दारातला रस्ता कर्करोग शल्यचिकित्सक डॉ. अर्नेस्ट बोर्जेस यांच्या नावाचा आहे. आणि १९२६ चं केईएम. केईएमचं जी. एस. मेडिकल कॉलेज उभं राहिलं तेच एका अटीवर: देणगी घ्या, पण इथे शिकवणारे भारतीयच असतील. डॉ. रवी बापट यांच्या 'वॉर्ड नंबर पाच, केईएम'मुळे तिथल्या वॉर्डातलं जग मराठी वाचकाच्या घरात पोहोचलं. या रुग्णालयांनी देशाला तज्ज्ञ दिले ते कुणाच्या अंगावर शिकवून? बिहारहून, विदर्भातून, कोकणातून आलेल्या, दुसरीकडे जायची ऐपत नसलेल्या माणसांच्या. खासगी रुग्णालयात पैसे भरणाऱ्या रुग्णाला अमुक डॉक्टरांचाच हात हवा असतो, त्यामुळे तिथल्या डीआरएनबी या डीएमच्या तोडीच्या अभ्यासक्रमाच्या विद्यार्थ्याला कित्येकदा केस बघायला मिळते, करायला नाही. रात्रीची ड्युटी मात्र त्याचीच. सार्वजनिक रुग्णालयात उलट: करायला भरपूर मिळतं, पण शेजारी कुणी उभं असेलच असं नाही. गरीब रुग्णाचं आपण देणं लागतो आणि ते फेडायचा एकच रस्ता मला दिसतो. शिकाऊ हात लागणार असेल तर त्याच्यामागे शिकलेला हात हजर असला पाहिजे, आणि रुग्णाला त्याच्या भाषेत ते आधी सांगितलं पाहिजे. "या मॅडम करतील, मी इथेच उभा आहे." इतकं सांगितल्यावर नकार देणारा रुग्ण क्वचितच भेटतो, असं मला एकाहून अधिक शिक्षकांनी सांगितलं.

आता तासांविषयी. न्यूयॉर्कमध्ये १९८४ साली लिबी झायन ही अठरा वर्षांची मुलगी रुग्णालयात दाखल झाल्यावर काही तासांत गेली. तिला बघणारे डॉक्टर शिकाऊ होते आणि त्यांच्यावर कामाचा भार प्रचंड होता. वडील सिडनी झायन पत्रकार. त्यांनी विषय सोडला नाही. १९८९ मध्ये न्यूयॉर्क राज्याने आठवड्याला ८० तासांची मर्यादा घातली, २००३ मध्ये ती अमेरिकाभर लागू झाली. २००४ च्या एका अभ्यासात दिसलं, की जुन्या पद्धतीच्या लांबलचक पाळ्यांत इंटर्नच्या हातून गंभीर चुका कमी तासांच्या पाळ्यांपेक्षा ३६ टक्के अधिक झाल्या.

आणि भारतात? १९९२ च्या केंद्रीय रेसिडेन्सी योजनेत लिहिलेलं आहे: सलग बारा तासांहून जास्त काम सहसा नको, आठवड्याला ४८ तास. हे मी एका डीएमच्या विद्यार्थ्याला दाखवलं तेव्हा त्याने कागद दोनदा वाचला. त्याला ठाऊकच नव्हतं. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०२३ च्या पदव्युत्तर नियमावलीत 'वाजवी' तास आणि 'वाजवी' विश्रांती म्हटलं आहे, आकडा नाही. आयोगाच्याच कृतिगटाने २०२४ मध्ये विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यावर अहवाल दिला. त्यासाठी ५,३३७ पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी ऑनलाइन प्रश्नावली भरली होती. ४५ टक्क्यांनी आठवड्याला साठाहून अधिक तास काम असल्याचं सांगितलं. सुमारे ३१ टक्क्यांनी मनात आत्महत्येचे विचार येऊन गेल्याचं लिहिलं. ज्यांना त्रास आहे तेच अशी प्रश्नावली जास्त भरतात, हा आक्षेप मान्य केला तरी सोळाशेच्या घरातली ही माणसं खरी आहेत आणि ती उद्या आपल्या घरच्यांना तपासणार आहेत. कृतिगटाने ७४ तासांची कमाल मर्यादा आणि आठवड्याला एक सुटी सुचवली. ऑगस्ट २०२४ मध्ये कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयात ड्युटीवरच्या शिकाऊ डॉक्टर तरुणीवर बलात्कार करून तिचा खून झाला. ती विश्रांतीसाठी सेमिनार हॉलमध्ये गेली होती. हे वाचल्यावर मी जिथे जिथे गेलो तिथे विचारत राहिलो: रात्री पाठ टेकायला खोली आहे का, तिला आतून कडी आहे का? तीन जणींचं उत्तर 'नाही' असं होतं.

तास कमी केले की सगळं सुटतं असंही नाही. पाळ्या लहान झाल्या की रुग्ण एका हातातून दुसऱ्या हातात जास्त वेळा जातो आणि प्रत्येक वेळी काहीतरी सांगायचं राहून जातं. सकाळी आठ वाजता, नाश्ता न केलेला रजिस्ट्रार जिन्यात उभ्या उभ्या "बावीस नंबर स्टेबल, सव्वीसचं सोडियम बघ" म्हणून निघून जातो. अमेरिका आणि कॅनडातल्या नऊ रुग्णालयांच्या बालरोग विभागांत हे हँडओव्हर ठरावीक पद्धतीने करायला शिकवलं: रुग्ण किती आजारी आहे ते आधी, मग थोडक्यात हकीकत, मग करायची कामं, मग 'असं झालं तर काय करशील', आणि शेवटी ऐकणाऱ्याने ते परत म्हणून दाखवायचं. २०१४ मध्ये निष्कर्ष छापून आले तेव्हा चुका २३ टक्क्यांनी घटल्या होत्या. महाग यंत्र नाही, नवं औषध नाही. कुणीतरी बसून शिकवलं, इतकंच. आपल्या ज्या युनिटमध्ये हे होतं तिथे मी पाहिलं की लेक्चरर मॅडम स्वतः हँडओव्हरला हजर राहतात आणि 'स्टेबल' शब्द आला की थांबवतात. "स्टेबल म्हणजे काय? आकडे सांग."

नीट-एसएस देशपातळीवरची परीक्षा, त्यामुळे महाराष्ट्रात डीएम करणारा मुलगा केरळचा, दिल्लीचा, मणिपूरचा कुठलाही असतो. त्याच्या पुढ्यात लातूरचा शेतकरी बसतो. रोगाचं नाव सांगण्याची वेळ येते तेव्हा भाषेचा पूल कोण होतं? सिस्टर, वॉर्डातल्या मावशी, नाहीतर शेजारच्या खाटेवरचा रुग्ण. अशा एका संभाषणाला मी त्या कुटुंबाच्या परवानगीने बसलो होतो. स्वादुपिंडाचा कॅन्सर, पसरलेला. विद्यार्थी कोट्टायमचा, दोन वर्षांत बरं मराठी शिकलेला. मॅडम खुर्ची मागे ओढून बसल्या होत्या, बोलत नव्हत्या. त्याने पेशंटच्या मुलाला विचारलं, "आबांना काय झालं असेल असं तुम्हाला वाटतं?" मुलगा म्हणाला, "साहेब, गाठ आहे एवढं समजलंय. ऑपरेशन करून टाका." विद्यार्थ्याने लगेच केमोथेरपीची माहिती सुरू केली. औषधाचं नाव, किती सायकल, खर्च, योजना. मुलगा मान हलवत राहिला. तेव्हा मॅडमनी पहिल्यांदा तोंड उघडलं: "दादा, ऑपरेशन होणार नाही असं डॉक्टर सांगताहेत. हे लक्षात आलं का तुमच्या?" मुलाच्या तोंडून बराच वेळ शब्द फुटला नाही. कुणी काही बोललं नाही. मग तो म्हणाला, "आबांना सांगू नका." आणि खरं बोलणं तिथून सुरू झालं.

नंतर मॅडम विद्यार्थ्याला म्हणाल्या, "पहिला प्रश्न छान विचारलास. उत्तर आलं ते मात्र ऐकलं नाहीस. ते कठीण होतं म्हणून तू माहितीमागे गेलास. मीही जायचे." बायले, बकमन आणि सहकाऱ्यांनी वाईट बातमी सांगण्याच्या सहा पायऱ्या २००० साली मांडल्या. त्या परीक्षेत लिहिता येतात. खाटेपाशी त्या उतरवायला मागे खुर्ची ओढून बसणारं माणूस लागतं. त्या मॅडमनी त्या दिवशी या एका कुटुंबासाठी आणि एका विद्यार्थ्यासाठी पाऊण तास दिला. ओपीडीत दीडशे कार्ड वाट बघत होती. त्यांच्या बढतीच्या अर्जात हा पाऊण तास कुठल्याही रकान्यात बसत नाही. शोधनिबंध बसतात.

शिकवणाऱ्यांना शिकवायचं काम आपल्याकडे कुणी केलंच नाही असं नाही. केईएमच्या जी. एस. मेडिकल कॉलेजात २००५ पासून वैद्यकीय शिक्षकांसाठी फायमर फेलोशिप चालते. डॉ. अविनाश सुपे यांनी ती उभी करण्यात आणि चालवण्यात मोठा वाटा उचलला. देशभरचे प्राध्यापक तिथे येऊन अभिप्राय कसा द्यावा, परीक्षा कशी आखावी हे शिकले. पण अशा शेकड्यांनी तयार झालेल्या शिक्षकांना परत गेल्यावर शिकवण्यासाठी वेगळा वेळ कुठून मिळणार? बाकी सगळ्यांसाठी आयोगाचा काही दिवसांचा मूलभूत अभ्यासक्रम आहे. माझी मागणी साधी आहे. प्रत्येक सुपरस्पेशालिटी युनिटच्या वेळापत्रकात प्रत्येक शिक्षकाचे आठवड्याचे काही तास विद्यार्थ्यासोबत बसण्यासाठी छापलेले असावेत, आणि त्या तासांत त्याच्या ओपीडीला दुसरा माणूस मिळावा.

विद्यार्थ्याला एक मेंटॉरही हवा, पण तो बॉस असू नये. ज्याच्या सहीवर परीक्षेला बसणं अवलंबून आहे, त्याला 'सर, झोप लागत नाही' हे कोण सांगेल? डीएमच्या काळात गरोदर राहिलेल्या एका डॉक्टरने ती बातमी चौथा महिना सरेपर्यंत युनिटपासून लपवली आणि तोवर लेड ॲप्रन घालून रेडिएशनच्या खोलीत उभी राहिली. प्रसूती रजा तिचा हक्क होता. प्रशिक्षणाची मुदत तेवढी पुढे जाते, इतकंच. दुसऱ्या विभागातलं एखादं वडीलधारं माणूस तिला नेमून दिलेलं असतं, तर हे पहिल्याच महिन्यात बोलून झालं असतं. टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो आणि तो प्रत्येक होस्टेलच्या भिंतीवर असावा, पण विद्यार्थ्याला आधी ओळखीच्या चेहऱ्याशी बोलायचं असतं.

मग एक दिवस निकाल लागतो. डीएम झालेला डॉक्टर सोलापूरला, नांदेडला, चंद्रपूरला जातो. काल मागे सर उभे होते, आज शंभर किलोमीटरच्या परिसरात ते काम करणारा तो एकटा. पहिली दोन वर्षं सगळ्यांत धोक्याची, हे मला प्रत्येक जण म्हणाला. पुण्याच्या एएफएमसीत शिकलेले संजीव अरोरा यांनी न्यू मेक्सिकोत २००३ मध्ये यावर एक मार्ग काढला. विद्यापीठातले तज्ज्ञ आणि खेड्यातले डॉक्टर दर आठवड्याला व्हिडिओवर भेटायचे आणि खेड्यातला डॉक्टर स्वतःचा हिपॅटायटिस सीचा रुग्ण मांडायचा. २०११ मध्ये निकाल छापले गेले: विद्यापीठात ५७.५ टक्के रुग्ण बरे झाले, खेड्यांत ५८.२ टक्के. आपल्याकडे कर्करोग रुग्णालयांच्या नॅशनल कॅन्सर ग्रिडच्या आभासी ट्यूमर बोर्डात लांबच्या रुग्णालयांतले डॉक्टर अशाच केस मांडतात.

एंडोस्कोपीच्या त्या सरांचाही असा एक गट आहे, जुन्या विद्यार्थ्यांचा. महिन्यातून एकदा रात्री नऊ वाजता सगळे ऑनलाइन येतात. नियम एकच, फसलेली केस आणायची. मी ऐकत होतो त्या रात्री विदर्भातल्या एका डॉक्टरने ईआरसीपीनंतर स्वादुपिंडाला सूज आलेला रुग्ण मांडला. स्पर्श किती झाले, हे त्याने न विचारता सांगितलं: नऊ. सरांनी विचारलं, "सहाव्याला का थांबला नाहीस?" तो म्हणाला, "सर, बाहेर नातेवाईक उभे होते. नागपूरला पाठवलं असतं तर म्हणाले असते, डॉक्टरला जमत नाही." मग पुढचा अर्धा तास पॅपिलावर कुणी बोललंच नाही. रुग्णाला नागपूरला न्यावं लागेल हे नातेवाइकांना कोणत्या शब्दांत सांगायचं, तिथे कुणाला फोन करायचा, रात्री ॲम्ब्युलन्स कुठून मिळते, यावर सगळे आपापले अनुभव सांगत राहिले. छत्रपती संभाजीनगरच्या एकीने आपला फोन नंबर गटात पुन्हा टाकला आणि लिहिलं, रात्री कधीही.